वा नव्हे, वांगो

१

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीची योजना मी करतो. उभा जन्म वीजमंडळात काढला. कुठली लाइन कधी बंद करायची, कुठल्या खांबावर माणूस कधी चढवायचा, हे आधी कागदावर काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी सून श्रीदेवी म्हणते, "मामंजींना देवळाला जायालाहि नकाशा लागतो." लागतो. कुंभकोणात देवळं काय थोडी आहेत?

त्या रविवारी कॉफी झाल्यावर मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर पार्क काढत बसलो होतो. तिरुचीच्या वाटेवर पाण्याचा एक मोठा पार्क झालाय. घसरगुंड्या, पाळणे आणि टाकीत उसळणारी समुद्राची लाट. पहाटे निघायचं, दिवेलागणीला घरी. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून दहीभात गाडीतच खायचा. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. हे सगळं मी फोन करकरून विचारून घेतलं होतं. फोनवरची मुलगी शेवटी कंटाळून म्हणाली, सार, तुम्ही या तर खरं.

हा सगळा खटाटोप चैत्रासाठी. चैत्रा माझी नात, नऊ वर्षांची. तिचा बाप शशांक मस्कतला, आई बँकेत, त्यामुळे पोर वाढली ती अलमेलुमामींच्या कडेवर. मामी आमच्या स्वयंपाकीणबाई. आमच्या मराठी घरातल्या नव्हेत, शुद्ध तमिळ. माझं लग्न झालं त्या वर्षी आल्या आणि माझी बायको पंकजा गेल्यावर घर त्यांनीच धरून ठेवलं. गेल्या मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्षात, त्या गेल्या. तेव्हापासून पोर हसली नव्हती. दोन घास खायची, मानेनंच हो-नाही करायची. डॉक्टर म्हणाले, एक दिवस कुठंतरी न्या, खेळू द्या, मग बघू. मग बघू म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. भीती वाटली.

आता आमच्या घरातली एक थट्टा सांगायला हवी. आम्ही मराठी माणसं. जेवताना रसम् चांगलं झालं की तोंडातून "वा!" निघतं. तमिळमध्ये "वा" म्हणजे "ये". मी पानावर बसून "वा, वा!" म्हटलं की मामी नळ बंद करायच्या, हात पदराला पुसायच्या आणि लगबगीनं उंबऱ्याशी यायच्या. "इदो वन्दुट्टेन्! कूप्टेळा, अण्णा?" म्हणजे, ही आले, बोलावलंत का? आणि सगळं घर हसत ओरडायचं, "तुम्हाला नव्हे, मामी, तुमच्या रसमाला!" मग त्या खोटंखोटं रुसायच्या. म्हणायच्या, वा काय? वा पोराला म्हणतात. मोठ्या माणसाला वांगो म्हणावं. वांगो म्हणा, मग येते. मामींना पाटी, म्हणजे आजी, म्हणणारी चैत्रा त्यावर "वांगो म्हणजे वांगें कां, पाटी?" विचारायची आणि रोज तितकीच हसायची. त्यांना सगळं कळत होतं हो. तरी प्रत्येक वेळी यायच्या, आणि आम्ही प्रत्येक वेळी तुम्हाला नव्हे म्हणायचो.

तर त्या रविवारी चैत्रा माझ्या नकाशावर वाकली. बोट ठेवून म्हणाली, "आजा, आधीं पाळणे. लाट शेवटीं. पाटी म्हणाली होती, जेवून लगेच पाण्यांत जाऊं नये, पोटांत कळ येते."

कित्येक महिन्यांत ती इतकं लांब बोलली नव्हती. मला भरून आलं. मी म्हणालो, "वा! वा, पोरी, वा!"

स्वयंपाकघरात नळ बंद झाला.

तो चालू होता हे मला तो बंद झाल्यावर कळलं. श्रीदेवी बाजारात गेली होती. मग ओले हात सुती पदराला पुसल्याचा आवाज, दोनदा. मग पावलं, डावी टाच जराशी घासत येणारी. उंबऱ्याशी थांबली.

मी नकाशाकडे बघत राहिलो. चैत्रानं मात्र मान वर करून दाराकडे पाहिलं आणि ती हसली.

२

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. दिवा मिचमिचला की लोक देव आठवतात, मी न्यूट्रल तपासतो. शेजारच्या मीनाक्षीबाईंची आणि आमची स्वयंपाकघराची भिंत एकच आहे, तिकडचा आवाज इकडे येतो. पाइपात हवा अडकली की पाणी वाहिल्यासारखं वाजतं. आणि पोरगी हसली ती नकाशा आवडला म्हणून.

इतकं झाल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण चाचणी घेतल्याशिवाय लाइन चालू करू नये, ही सवय. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीदेवी बँकेत, चैत्रा माडीवर झोपलेली. उन्हानं रस्ता ओस पडला होता. मीनाक्षीबाई तिरुनागेश्वरम्‌ला बहिणीकडे गेल्या होत्या, हे आधी पाहून घेतलं. आरामखुर्चीत बसलो, पेपर तोंडासमोर धरला आणि हळूच म्हणालो, "वा."

काही नाही. मला हसू आलं. म्हातारपणी माणूस काय काय करतो.

आणि नळ बंद झाला.

हात पुसले. पावलं आली. माझ्या पाठीमागे, चार हातांवर उंबरा आहे. तिथं थांबली. मला वळता आलं नाही. पेपरातली ओळ मी वाचत राहिलो. कुठल्याशा बंधाऱ्याची बातमी होती. हिंगाचा वास आला. मग आवाज. आवाज तरी कसा म्हणू, त्या विचारायच्या तेव्हा शेवटचं अक्षर जसं वर जायचं तेवढंच ऐकू आलं. "…टेळा?"

बोलावलंत का?

वर्षानुवर्षांचं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. तुम्हाला नव्हे, मामी. तेवढं म्हटलं असतं तर त्या परत गेल्या असत्या, नेहमीसारख्या. मी म्हणू शकलो नाही. हो म्हणायलाही धीर झाला नाही. मग पावलं परत फिरली, सावकाश.

नंतर मी आत जाऊन पाहिलं. पाणी उडू नये म्हणून मामींनी नळाला एक चिंधी बांधून ठेवलेली आहे, ती कुणाला सोडवली नाही. दुपारी टाकीचं पाणी मी स्वतः बंद करतो. चिंधी ओली होती.

मी ती पिळली आणि पुन्हा होती तशी बांधली.

रात्री जेवताना जाहीर केलं, या घरात कुणी वा म्हणायचं नाही. आवडलं तर शाबास म्हणा.

श्रीदेवी म्हणाली, "भाजीला शाबास म्हणूं कीं काय?"

"म्हण."

"वा, मामंजी!" ती हसत म्हणाली. माझा घास हातातच राहिला. आत नळ बंद झाला की काय कुणास ठाऊक, पंखा मोठा होता.

३

चैत्रा सुधारू लागली. हे मला लिहायलाच हवं, कारण इथंच माझी पंचाईत झाली. ती खाऊ लागली. माझ्याशी वाद घालू लागली. मात्र जेवायला ती आता पानावर बसत नसे, ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायची. त्या दाराच्या चौकटीवर मामींनी काढलेली कावेची लाल रेघ आहे. पार्कातल्या मोठ्या घसरगुंडीला ठरावीक उंचीच्या खालच्या पोरांना सोडत नाहीत. ते कळल्यावर पोर रडली, तेव्हा मामींनी रेघ काढून सांगितलं होतं, तुझं डोकं इथं टेकलं की आपण दोघी जाऊ. मलाही बघायचंय, समुद्र टाकीत कसा कोंडतात ते. दर शुक्रवारी पोरीला चौकटीशी उभी करून त्या तिच्या डोक्यावर तळवा आडवा ठेवायच्या आणि बघायच्या.

"अजून बोटभर कमी आहें," चैत्रा मला म्हणाली.

"कोणीं मापलें तुला?"

तिनं ताटाकडे पाहिलं. "पाटीनें."

मी रागावलो नाही. काय म्हणून रागावणार? पण त्या दिवसापासून कान उघडे ठेवले. एकदा ती दारात बसून अगदी हळू, बाहुलीशी बोलावं तसं म्हणत होती, "वा… वा…" मी तिला उचलून बाहेर आणलं. ती मागे वळून बघत राहिली.

जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं पुढच्या खोलीत पिशवी भरत होतो. टॉवेल, टोपी, तिचा निळा पोहण्याचा ड्रेस. श्रीदेवी माडीवर मस्कतला फोनवर बोलत होती. तेवढ्यात आतून पुन्हा आलं, "वा."

"चैत्रा, किती वेळां सांगितलें…" मी म्हणालो आणि थांबलो. चैत्रा माझ्याजवळच होती. तिच्या तोंडात पेनचं टोपण होतं.

"वा, कण्णा." कण्णा, म्हणजे बाळा. हळू, लाडानं. मांजराला बशीजवळ बोलवावं तसं. "वा."

आमच्या घरात तो शब्द नेहमी आम्हीच म्हटला होता. स्वयंपाकघरातून बाहेर तो पहिल्यांदा आला. आणि वा पोराला म्हणतात, हे मामींनीच मला शिकवलं होतं. मला बोलवायचं असतं तर त्या वांगो म्हणाल्या असत्या.

चैत्रानं टोपण काढलं. "आलें, पाटी," म्हणाली आणि उठली. मी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की ती कळवळली.

"आजा, दुखतेंय!"

"आतां नको जाऊं. सकाळीं लवकर उठायचें आहें."

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग मोठ्या माणसासारखं म्हणाली, "ती रोज येते, आजा. उंबऱ्यापर्यंतच येते. ती विचारते आणि तुम्ही कोणीच कांहीं सांगत नाहीं."

थोड्या वेळानं मीनाक्षीबाई वाटेसाठी मुरुक्कू, म्हणजे चकल्या, घेऊन आल्या. त्याही आमच्यापैकीच, त्यांचे पूर्वज तंजावरच्या सरफोजींच्या दरबारी होते, हे त्या बोलण्यात एकदा तरी आणतातच. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, गेलेल्या माणसाला एखाद्या ठिकाणी यायचं राहून गेलं असेल, तर काय करतात?

"कांहीं करूं नये, अण्णा," त्या डबा पुसत म्हणाल्या. "बरोबर चला म्हणून तर मुळींच म्हणूं नये. आलें तर येतें बापडें. पण परत एकटें जात नाहीं."

मुरुक्कू गरम होते. मी एकही खाल्ला नाही.

४

पहाटे गाडी दाराशी आली. श्रीदेवी पिशव्या घेऊन पुढे गेली. चैत्रा पायरीवर बसून चपलेचा बंद लावत होती आणि गाणं गुणगुणत होती.

मी ओसरीवर किल्ली घेऊन उभा. रात्रभर विचार करून ठरवलं होतं, ताप आल्याचं सोंग करायचं आणि बेत मोडायचा. माझ्या योजनेत हे कलम मी मनातल्या मनात घातलं होतं. पण ते गुणगुणणं ऐकलं आणि माझा धीर सुटला. ही पोर गेले कित्येक महिने विझलेल्या दिव्यासारखी वावरत होती. आज बेत मोडला तर पुन्हा पेटेल की नाही, कुणी सांगावं? आणि घेऊन जावं, तर आतून तिला कुणीतरी वा म्हणतंय. इकडे आड तिकडे विहीर.

आमच्याकडे घर बंद करताना आत कुणी नसलं तरी उंबऱ्याशी उभं राहून जाऊन येतों म्हणायचं असतं. नुसतं जातों कधी म्हणायचं नाही. एरवी मामी घर राखायला मागे असायच्या, त्या आतून म्हणायच्या, जाऊन या. आज पहिल्यांदा सगळं घर बाहेर पडत होतं.

मी एकटाच आत गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. आत अंधार होता आणि नळ चालू असल्यासारखा आवाज. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांची आठवणही येत होती, दोन्ही एकदम, आणि कुठलं कुठं संपतं ते कळेना.

"वा," मी म्हणालो.

नळ बंद झाला. पदराला हात पुसले. पावलं आली आणि उंबऱ्याच्या पलीकडे थांबली, माझ्यापासून हातभर. मी डोळे मिटून घेतले. हिंग, ओला पदर.

"कूप्टेळा?"

"आमाम्, मामी. उंगळैत्तान्," मी म्हणालो. होय, तुम्हालाच. "तुम्हालाच बोलावलं. वांगो."

माझ्या तोंडून त्यांच्यासाठी तो शब्द पहिल्यांदा निघाला. पलीकडे श्वास अडकल्यासारखं झालं.

मग मी मराठीतच बोललो, त्यांना ती सगळी कळायची. "लाट बघून घ्या. पोरीबरोबर खेळा, दिवसभर. पण पोर घरी यायला हवी, मामी. परत जाताना सोबत हवीच असेल, तर मी आहे."

बाहेर आलो. मी कुलूप लावलं. जाऊन येतों म्हणायला वळलो, तेव्हा लक्षात आलं, आता कुणाला म्हणायचं?

५

पार्क माझ्या नकाशाहून पुष्कळ मोठा होता. मीच केलेला क्रम मीच विसरलो. चैत्रानं मात्र एकही ओळ चुकवली नाही. आधी पाळणे, मग गाडीत दहीभात, मग झाडाखाली विसावा, कारण पोटात कळ येते.

मोठ्या घसरगुंडीशी एक तरुण रखवालदार उंचीची पट्टी घेऊन उभा होता. त्यानं चैत्राकडे पाहून मान हलवली. "बोटभर कमी, पाप्पा," म्हणाला. पाप्पा म्हणजे बाळ. मी तिच्या मागे उभा होतो. तिचे केस, सकाळपासून वाऱ्यानं उभे राहिलेले, एकाएकी सपाट बसले. आडवा तळवा ठेवल्यासारखे. तसेच क्षणभर दाबून राहिले. रखवालदारानं पुन्हा पाहिलं, डोळे चोळले आणि म्हणाला, "बरोबर आहे, जा." ती हसत पायऱ्या चढली. दोन पायऱ्या चढून, हात मागे करून, कुणाची तरी वाट बघत थांबली, मग पुढे गेली.

शेवटी लाट. भोंगा वाजला आणि टाकीतलं पाणी फुगलं. शेकडो माणसं किंचाळत होती. श्रीदेवी आणि मी काठावर. चैत्रा कंबरभर पाण्यात होती, मग छातीभर, मग फेसात ती दिसेना.

मी धोतरासकट पाण्यात धावलो. रखवालदार शिट्टी मारत होता, सार, सार, धोतर चालत नाही. मला काही ऐकू येत नव्हतं. मनात एकच, वा, कण्णा, वा. मीच घेऊन आलो. माझ्याच हातानं.

लाट खाली बसली आणि मला दिसलं. लाल, निळ्या, चकचकीत नायलॉनच्या गर्दीत एक जुनी तपकिरी सुती साडी पाण्यावर पसरली होती, नऊवार, चुण्या सुटलेल्या. तिच्या काठाला धरून चैत्रा तरंगत होती, तोंड आभाळाकडे, खदखदून हसत. साडीच्या वर काय होतं ते मी पाहिलं नाही. पुढची लाट आली, आणि त्या लाटेआड एका हातानं पोरीला पाठीवर थोपटून काठाकडे ढकललं.

ती सरळ माझ्या पायाशी आली. मी तिला छातीशी धरलं. ती धापा टाकत होती.

"पाटी म्हणाली, आजा घाबरलाय, तूं जा त्याच्याकडे."

"आणि ती?" मी विचारलं.

"ती म्हणाली, मी मागून अण्णांबरोबर येतें."

६

दिवेलागणीला आम्ही घरी आलो. मी कुलूप काढलं. चैत्रा गाडीतच झोपली होती, तिला पलंगावर ठेवलं. तिच्या अंगाला अजून पाण्याच्या औषधाचा वास येतोय. झोपण्यापूर्वी तिनं दोन मुरुक्कू खाल्ले आणि आईला विचारलं, उद्या पुरणपोळी करशील का. श्रीदेवी माडीवर मस्कतला सांगतेय आणि मध्येच रडतेय, आनंदानं.

मी देवाजवळ दिवा लावला. मग आरामखुर्चीत बसलो आणि पहाटेपासून जे मनात होतं ते एकदा ऐकून घ्यावं म्हणून कान दिले.

स्वयंपाकघरात नळ बंद झाला.

मला सांगायला लाज वाटत नाही, मी घाबरलो होतो. माझ्यासाठी नव्हे. पुढचा शब्द कुठला येतो, याच्यासाठी. पलंगावर पोर होती, आणि तो शब्द वा असता तर मी काय करणार होतो, ते माझ्या कुठल्याच योजनेत नव्हतं. हात पुसले, दोनदा. पावलं उंबऱ्यापर्यंत आली.

"वांगो, अण्णा."

मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

जुनी थट्टा होती, म्हणून मी विचारलं, "कूप्टेळा, मामी?" आणि वाट पाहिली. त्यांनी हसून म्हणावं, तुम्हाला नव्हे. त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. जरा थांबा, एवढं लिहून येतों, म्हणालो, तर थांबल्या आहेत. डावा पाय दुखतो त्यांचा, फार वेळ उभं करणं बरं नव्हे.

चैत्राच्या डोक्यावरून हात फिरवला. केस अजून सपाट बसलेले आहेत. शुक्रवारी तिला चौकटीशी उभी करा, रेघेला डोकं टेकलं असेल.

जिन्याशी जाऊन हाक मारली, "श्रीदेवी, स्वयंपाकघरांत जाऊन येतों."

ती फोनवरूनच वरून म्हणाली, "बरें, मामंजी. जाऊन या."